अक्षतांत हरवणारा फोकस

वणी - मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो, चोहोबाजूंनी अक्षता पडतात आणि वधू-वर एकमेकांना हार घालतात. हा क्षण छायाचित्रकाराला पुन्हा मिळत नाही. नेमक्या त्याच वेळी कॅमेऱ्याने वधू-वरांना सोडून मधल्या तांदळाच्या दाण्यांवर फोकस धरला, तर महागडी लेन्सही निरुपयोगी ठरते. यवतमाळ जिल्ह्यातीलच टिपेश्वर अभयारण्यात गवताआडून जाणाऱ्या वाघाचे छायाचित्र घेतानाही हाच अनुभव येऊ शकतो. त्यामुळे मिररलेस कॅमेऱ्यासाठी झूम लेन्स घेताना ऑटोफोकस व मॅन्युअल फोकस या दोहोंच्या मर्यादा जाणून घेणे हिताचे ठरते.

वेग कशामुळे?

डीएसएलआर कॅमेऱ्यात आरशामार्फत थोडा प्रकाश फोकसच्या स्वतंत्र सेन्सरकडे जातो. मिररलेसमध्ये आरसाच नसल्याने फोकसची मोजणी मुख्य सेन्सरवरच होते. २००८ मध्ये आलेल्या पॅनासॉनिक ‘जी १’ या कॅमेऱ्यात त्यासाठी कॉन्ट्रास्ट पद्धत होती. तीत लेन्स पुढे-मागे सरकवून चित्र सर्वाधिक रेखीव कोठे दिसते, हे शोधावे लागते. पुढे सेन्सरवरच फेज डिटेक्शनचे बिंदू बसविण्यात आले आणि फोकस कोणत्या दिशेने व किती चुकला आहे, हे एकाच मोजणीत कळू लागले. २०१९ मध्ये सोनीने प्राण्यांचे डोळे ओळखणारा ऑटोफोकसही आणला.

मात्र, निर्णय कॅमेऱ्याचा असला, तरी हालचाल लेन्सलाच करावी लागते. लेन्समधील मोटर मंद असेल, तर अद्ययावत कॅमेराही मागे पडतो.

झूम वाढता अडचण वाढते

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २० मीटर अंतरावरील प्राण्याचे छायाचित्र १०० मि.मी. आणि एफ ५.६ वर घेतल्यास सुमारे १५ मीटर खोलीचा भाग स्पष्ट दिसतो. त्याच ठिकाणाहून झूम ४०० मि.मी. केल्यास ही खोली जेमतेम ८० सेंटिमीटर उरते. साहजिकच फोकस पुढच्या गवतावर बसला, की मागचा वाघ धूसर होतो. शिवाय अनेक झूम लेन्सचे छिद्र लांब टोकाला लहान होते. प्रकाश कमी मिळाल्याने पहाटे अथवा मंद उजेडाच्या सभागृहात फोकस अडखळू शकतो.

रिंग फिरविली तरी...

अशा वेळी हाताने फोकस करणे हा पर्याय उरतो. पण त्याचेही स्वरूप बदलले आहे. बहुतेक मिररलेस लेन्सची फोकस रिंग भिंगांना थेट जोडलेली नसते. ती केवळ संकेत देते आणि भिंगे मोटर हलविते. अनेक लेन्समध्ये रिंग झपाट्याने फिरविल्यास फोकस अधिक सरकतो, सावकाश फिरविल्यास कमी. म्हणजे तेवढीच रिंग उलट फिरविली, तरी फोकस पूर्वीच्या जागी येईलच असे नाही. व्हिडिओ घेणाऱ्यांना याचा त्रास अधिक होतो. त्यासाठी काही कॅमेऱ्यांत ‘लिनिअर’ ही सोय असते; ती असल्याची खात्री खरेदीपूर्वीच करावी.

झूम बदलल्यावर फोकस किंचित सरकण्याची शक्यताही असते. म्हणून आधी झूम, मग फोकस, हा क्रम पाळावा. कडा रंगीत दाखविणारी ‘फोकस पीकिंग’ची सोय उपयुक्त आहे, पण अंतिम खात्री चित्र मोठे करूनच करावी.

काय करावे?

गवत किंवा फांद्यांच्या आड विषय असेल, तर विस्तृत क्षेत्राऐवजी फोकसचा एकच लहान बिंदू निवडावा. अक्षतांच्या वेळी ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी ठेवावी. क्षणभर मध्ये आलेल्या वस्तूकडे कॅमेरा मग सहसा वळत नाही. ऑटोफोकस सुरू असतानाच रिंगने दुरुस्ती करता येते का, हेही पाहावे. ही तयारी मांडवात किंवा जिप्सीत बसून होत नाही. घरीच कुणाला तरी समोर उभे करून, मध्ये मूठभर तांदूळ उधळून सराव केल्यास लेन्सचे गुणदोष आधीच कळतात.