गिअरबॉक्सची कुरकुर

ऑटोमॅटिक गाडीतून अनोळखी आवाज येऊ लागला, की आपण मेकॅनिकसमोर त्याची नक्कल करतो. ‘घूंऽऽ’ की ‘कर्रर्र’, यातच बराच वेळ जातो. पण निदानासाठी आवाज कसा, यापेक्षा तो कधी येतो हे जास्त उपयोगी. पोटदुखीच्या रुग्णाला डॉक्टरही विचारतातच ना, जेवणाआधी दुखतं की नंतर?

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप इंजिनाबरोबर फिरतो, गाडी उभी असली तरी. म्हणून ‘पार्क’मध्ये ॲक्सिलरेटर हलकेच दाबल्यावर घूं-घूं वाढली, तर संशय पंपावर जातो. (अल्टरनेटरही असाच ओरडतो, तो आधी तपासून घ्यावा.) तेल कमी झालं किंवा फिल्टर तुंबला, की पंप हवा ओढू लागतो आणि तेलाला फेस येतो. हे तेल नुसतं वंगण नव्हे. त्याच्याच दाबाने आतले क्लच घट्ट धरले जातात. दाब कमी पडला, की क्लच घसरतात, तापतात, जळतात. मग जे काम गळती थांबवून आणि तेल भरून झालं असतं, त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तेल काळपट झालं असेल आणि त्याला जळका वास येत असेल, तर उशीर झालेलाच असतो.

ब्रेक घट्ट दाबून ‘ड्राइव्ह’ टाकल्यावर आवाज येतो आणि ‘न्यूट्रल’मध्ये थांबतो? मग टॉर्क कन्व्हर्टर तपासायला सांगा. गाडी उभी असताना सारं शांत, पण वेगाबरोबर घरघर वाढते आणि वळणावर बदलते? मग बहुतेक वेळा दोष चाकाच्या बेअरिंगचा असतो. गिअरबॉक्सच्या नावाने मोठं बिल मान्य करण्यापूर्वी ही शंका जरूर बोलून दाखवावी.

२०१४मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे रुळलेल्या ‘एएमटी’ची गोष्ट वेगळी. तो मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच; क्लच आणि गिअर यंत्र हलवतं, इतकंच. त्यामुळे गिअर बदलतानाची हलकी टकटक हा त्याचा स्वभाव समजावा.

टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी रस्त्यात बंद पडलीच, तर दोरी बांधून ओढून नेऊ नका. इंजिन बंद म्हणजे पंपही बंद. चाकांबरोबर गिअरबॉक्सचे भाग फिरत राहतात, पण त्यांना तेल मिळत नाही. थोडे जास्त पैसे मोजून गाडी सरळ फ्लॅटबेड ट्रकवर चढवा.