पऱ्हाटीचे फूल उमलताना पाहिले काय?

शेतकरी बंधूंनो, वावरात आपण रोज जाता, पण पऱ्हाटीचे फूल उमलताना आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले? सकाळी पांढरट-पिवळे, दुसऱ्या दिवशी गुलाबी, एवढेच आपल्याला ठाऊक. मधले काम इतके सावकाश चालते की, डोळ्याला पत्ताच लागत नाही.

हा पत्ता लावण्याची युक्ती आपल्याच मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी केली. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला आणि कुंडीतल्या वाटाण्यासमोर ठेवला. रोज चित्रे घेत महिनाभरात 'अंकुराची वाढ' ही मिनिटभराची फिल्म तयार झाली. ती दाखवून त्यांनी भांडवल उभे केले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. पुस्तकांतून 'दिवसाला एक चित्र' असे लिहिलेले असते. ते मला पटत नाही. त्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रे लागत, तीस चित्रे तर दोन सेकंदांतच संपतील! दिवसाला बरीच काढली असणार.

फाळक्यांचा कॅमेरा एका जागी होता. आपल्याला तो सरकवायचा आहे. याचे कारण गुलाबी बोंडअळी. अळी पाकळ्या रेशमाने बांधते, मग फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. हीच डोमकळी. पण ती एका झाडावर असते, शेजारच्यावर नसते. एकाच झाडासमोर मोबाईल ठेवला तर ती सापडेलच असे नाही. मोबाईल तासाने सरकत गेला तर दोन-तीन झाडे एकाच चित्रणात येतात, आणि भोवतालची फुले उघडताना मधली एक मूठ आवळून बसलेली स्पष्ट दिसते. २०२२ साली बीबीसीच्या वनस्पतींवरील मालिकेसाठी यंत्रमानवाने असेच कॅमेरे सरकवले. आपल्याला फळी पुरते.

पाच फुटांची सरळ फळी रंधून घ्या. दोन खुंट्यांवर फुलांच्या उंचीला, तासाला समांतर बसवा. फळीवर सेंटिमीटरच्या खुणा करा. मोबाईल लाकडाच्या ठोकळ्याला रबराने घट्ट बांधा. सकाळी ६ ते ११, दर दोन मिनिटांनी एक फोटो, आणि दर फोटोनंतर ठोकळा एक सेंटिमीटर पुढे. दीडशे फोटो होतात. सेकंदाला पंचवीसने जोडले की सहा सेकंदांचे चित्र. पाच तासांची मेहनत आणि सहा सेकंद! पण रविवारी पोरांना हे काम सांगा, आळीपाळीने आनंदाने करतात.

वारा हा मोठा शत्रू. झाड हलले की चित्र थरथरते, म्हणून पहाटेची शांत वेळ सोडू नका. दुसरे म्हणजे ढग. ऊन-सावली झाली की मोबाईल आपोआप उजेड कमी-जास्त करतो आणि चित्र लुकलुकते. पडद्यावर बोट दाबून धरले की बऱ्याच मोबाईलमध्ये उजेड व नेम दोन्ही कायम होतात. मोबाईलवर कागदाची टोपी ठेवा, तापला की बंद पडतो. आपली सावली झाडावर पडू देऊ नका. आणि फवारलेल्या वावरात पोरांना मुळीच पाठवू नका. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, ते विसरण्यासारखे नाही.

कोणी म्हणेल, साहेब, फिल्म काढून अळी मरते काय? नाही मरत. पण डोमकळी ओळखायला डोळा तयार होतो. मग वावरभर फिरून शंभर फुले मोजता येतात. दहा टक्के फुले किंवा बोंडे किडलेली असली, किंवा कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तरच फवारणीचा विचार करायचा. शेजाऱ्याने पंप काढला म्हणून आपणही काढायचा, हा हिशेब खिशालाही परवडत नाही आणि जिवालाही. सापडलेली डोमकळी मात्र तिथेच तोडून अळीसकट नष्ट करा, धुऱ्यावर फेकू नका.

जूनअखेर पेरलेली पऱ्हाटी ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात फुलावर येते. फळी त्याआधी तयार ठेवा, आणि ती सहा सेकंदे गावच्या पारावर चार जणांना दाखवा.