कुंडीतलं शेवळ

जूनच्या तोंडावर ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात शेवळाच्या जुड्या येतात आणि शेजारीच काकड या रानफळांचे वाटे लागतात. आंबट काकडं घातल्याशिवाय ही भाजी घशाला खाजते, हे तिकडच्या घरांत सगळ्यांना माहीत असतं. जुडीतला तो जांभळट कोंब म्हणजे सुरणाच्या भाऊबंदातल्या एका रानकंदाचा, अमॉर्फोफॅलस कम्युटॅटसचा, फुलोरा असतो. हा कंद कुंडीत उत्तम वाढतो, पण त्याचं वेळापत्रक सांभाळावं लागतं.

वळवाच्या सुमारास कंदातून आधी फुलोरा निघतो, पान मागून येतं. फुलोऱ्याच्या तळाशी मादीफुलं, त्यांच्यावर नरफुलं आणि त्यावर लांब वांझ शेंडा. शेंड्याचा कुजका वास कीटकांना बोलावतो. मादीफुलं आधी तयार होतात, पराग मागाहून सुटतात. त्यामुळे एकट्या फुलोऱ्यात बी धरणं अवघड. कंद लहान असेल, तर फुलोरा न येता नुसतं पानच येतं.

पान एकच असतं. मातीतून वर येणारा दांडा खोडासारखा दिसला तरी तो पानाचाच देठ. वर त्याला तीन फाटे फुटतात. हे पान पावसाळाभर अन्न तयार करतं आणि त्यावर जुन्या कंदाच्या जागी नवा कंद पोसतो. जुना सुकून जातो. देठ वाऱ्याने मोडला, की त्या वर्षाची कमाई गेली. म्हणून कुंडी आडोशाला, सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशा जागी ठेवावी.

मुळं कंदाच्या डोक्याशी, कोंबाभोवती फुटतात. तेव्हा कोंब वर ठेवून कंद खोल लावावा, वर निदान कंदाच्या दुप्पट उंचीची माती हवी. तांबडी माती, पालापाचोळ्याचं खत, थोडी जाड वाळू घ्या. तळाची भोकं मोकळी हवीत. माती हाताळताना हातमोजे घाला, कारण कंदात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि खाज त्यांनीच सुटते.

पाऊस सरल्यावर पान पिवळं पडून लोळतं. कंद जातात ते इथेच. झाड मेलं असं वाटून लोक पाणी वाढवतात आणि झोपलेला कंद कुजतो. पान पिवळं पडू लागलं की पाणी कमी करा, लोळल्यावर पूर्ण थांबवा. हिरवा देठ मात्र कापू नका. कुंडी कोरडी ठेवून जिन्याखाली सरकवावी, किंवा कंद काढून सावलीत सुकवून कोरड्या वाळूत ठेवावा. मऊ पडलेला भाग दिसला तर कापून टाका आणि जखमेला राख लावा. उन्हाळ्याअखेर कोंब हलला की मगच पाणी सुरू करायचं.

लागवडीसाठी रान खणू नका. भाजीसाठी फुलोरे खुडले जातात, म्हणजे तेवढं बी धरत नाही. वर कंदही उपटले, तर जागाच रिकामी होते. ज्यांच्या बांधावर शेवळ आहे, त्यांच्याकडून बाजूचा लहान कंद मागून घ्या, आणि दोन वेगळे कंद फुलले तर एखादा फुलोरा बी धरण्यासाठी राखून ठेवा.