एका रिकाम्या जागेचा घोटाळा

जुळे सोलापुरांतील आमच्या घरीं तीन पिढ्यांचीं पत्रें व हिशेब संगणकांत उतरवून ठेविलेले आहेत. मूळ कागद वाळवीनें कधींच फस्त केले. त्यांची प्रत रोज रात्रीं दुसऱ्या डिस्कवर आपोआप जावी म्हणून पुतण्यानें एक 'बॅच फाइल' लिहून दिली होती. बॅच फाइल म्हणजे संगणकानें क्रमानें पाळावयाच्या आज्ञांची यादी. सोलापुरी चादरीच्या मागावर जॅकार्डचीं छिद्रें पाडलेलीं कार्डें ताण्याचे कोणते धागे उचलावयाचे तें सांगतात. छिद्र चुकलें कीं नक्षी चुकते. येथेंहि तोच न्याय.

दिवाळींत मूळ डिस्क बिघडण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं. दुसरी उघडून पाहतों तों तींत गणेशोत्सवानंतरचें कांहींच नाहीं! वहिनी कावऱ्याबावऱ्या झाल्या. "भाऊजी, पितृपंधरवड्यांत उतरविलेलीं मामंजींचीं पत्रें गेलींच का हो?"

फाइल चालवावी तों काळी खिडकी क्षणभर चमकून नाहींशी होई. म्हणून आधीं 'कमांड प्रॉम्प्ट' उघडला व त्यांत फाइलीचें नांव लिहिलें. आतां निरोप स्थिर राहिला: 'एक्सकॉपी' या आज्ञेपुढील शब्दांची संख्या चुकीची आहे. तेव्हां उलगडा झाला. गणेशोत्सवांत मींच 'पत्रें' या फोल्डरचें नांव 'जुनीं पत्रें' असें केलें होतें, व फाइलींतहि तसाच बदल केला होता. १९८१ सालच्या डॉसमध्यें नांव आठ अक्षरांचें व पुढें तीन अक्षरांची जोड, एवढीच मुभा असे. १९९५ च्या विंडोजनें मधें जागा सोडलेलीं लांब नांवें मान्य केलीं. परंतु आज्ञा वाचतांना रिकामी जागा म्हणजे शब्दाचा शेवट, ही जुनी रीत कायम राहिली. अशा रीतीनें एका नांवाचीं दोन झालीं! नांवाभोंवतीं दुहेरी अवतरणचिन्हें घालतांच काम सुरू झालें, आणि पत्रें वांचलीं.

यंत्रानें आज्ञा अक्षरशः पाळली होती; चूक माझी. परंतु रात्रीं कोणी पाहत नसतां काम मुकाट्यानें फसत राहिलें, हा खरा धोका. म्हणून आतां प्रत्येक रात्रीचा निकाल एका निराळ्या फाइलींत नोंदला जातो. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं वहिनी त्या प्रतींतील एखादें पत्र उघडून वाचतात. कुलूप लावल्यावर तें एकदां ओढून पाहावें, तसेंच हें.