रक्तवाढीची गोळी सोसत नाही, तेव्हा

शहाद्याहून धडगावच्या रस्त्याला लागलं की सातपुड्याच्या पायथ्याशी म्हसावद येतं. या गावात आणि आसपासच्या पाड्यांवर मी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. गरोदर बायांकडून सर्वांत जास्त ऐकलेलं गाऱ्हाणं रक्तवाढीच्या गोळीचं. ‘सिस्टर, मळमळतं.’ ‘पोटात आग पडते.’ ‘शौचाला काळं होतं, आत काही बिघडलं का?’ घरी गेलं की गोळ्यांची पाकिटं फळीवर तशीच पडलेली दिसत. अशा वेळी बाईला हट्टी ठरवून मोकळं होणं सोपं असतं. पण हा त्रास खरा असतो आणि त्यावर उपायही आहे.

गरोदर बायांना लोह देण्याचा सरकारी कार्यक्रम १९७० पासूनचा. २०१८ मध्ये त्याला ‘अॅनिमियामुक्त भारत’ मोहिमेचं रूप मिळालं. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. गरज किती मोठी आहे ते आकड्यांतून दिसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला, म्हणजे त्यांचं हिमोग्लोबिन (एचबी) ११ च्या खाली होतं.

मग पोट का बिघडतं? गोळीतल्या लोहाचा थोडाच भाग रक्तात शिरतो. उरलेलं आतड्यात राहतं आणि आतल्या नाजूक अस्तराला त्रास देतं. म्हणून कुणाला मळमळ, कुणाला जळजळ, कुणाला बद्धकोष्ठ, तर कुणाला जुलाब. शौचाचा काळपट रंग याच उरलेल्या लोहाचा असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. शौच डांबरासारखं चिकट असेल किंवा लाल रक्त दिसलं, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवावं.

एका पावरा कुटुंबातली सून मला चांगली आठवते. पाचवा महिना, एचबी साडेआठ, म्हणून रोज दोन गोळ्या लिहून दिलेल्या. ती पहाटे चुलीवर कोरा चहा करायची, रिकाम्या पोटी त्याच चहाबरोबर दोन्ही गोळ्या गिळायची आणि मिरची तोडायला निघायची. शेताच्या बांधावर पोहोचेपर्यंत उलटी. सासूचं म्हणणं, ‘गोळी उष्ण आहे. पोर मोठं होईल आणि बाळंतपणात अडेल.’ मी सासूलाच समोर बसवलं. म्हटलं, ‘आजी, गोळीनं पोर अडत नाही. पण अंगात रक्त कमी असलं आणि बाळंतपणात थोडं जास्त गेलं, तर सून हातची जाईल.’ सासू गप्प झाली. मग आम्ही वेळा बदलल्या. एक गोळी शेतात दुपारची भाकरी खाल्ल्यावर, दुसरी रात्री भाकरी आणि अंबाडीची भाजी जेवून झाल्यावर, झोपायच्या आधी. दोन्ही साध्या पाण्याबरोबर, जेवणात लिंबाची फोड. रात्रीची मळमळ झोपेत निघून जाऊ लागली. आठवडाभरात उलट्या थांबल्या आणि पुढच्या तपासण्यांत एचबी हळूहळू चढलं.

रिकाम्या पोटी लोह जास्त शोषलं जातं हे खरं. पण उलटून पडलेल्या गोळीपेक्षा जेवणानंतर थोडी कमी शोषली गेलेली गोळी केव्हाही चांगली. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, म्हणून गोळीच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास चहा नको. कॅल्शियमची गोळीही लोहाबरोबर घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. लिंबू, आवळा, पेरू यांमुळे लोह चांगलं शोषलं जातं. बद्धकोष्ठ असेल तर पाणी आणि पालेभाजी वाढवावी.

झुरिचच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाआड गोळी दिली, तर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं, असं त्यांना दिसलं. गोळी घेतल्यावर शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते दुसऱ्या दिवशीच्या लोहाची वाट अडवतं. गरोदर बायांसाठी सरकारी सूचना मात्र रोजच्या गोळीचीच आहे. बदल करायचा तर डॉक्टरांना विचारूनच.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही: सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. रक्त कमी म्हणजे लोहच कमी, असं इथे गृहीत धरता येत नाही. सिकलसेलच्या वाहक बाईला लोहाची गोळी चालते. पण जिला प्रत्यक्ष आजार आहे आणि वारंवार रक्त चढवावं लागतं, तिच्या शरीरात लोह साचत जातं. तिला गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानंच द्यायची. म्हणून नाव नोंदवतानाच सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. जुलै २०२३ पासून तर त्यासाठी राष्ट्रीय मोहीमच सुरू आहे.

नुसत्या गोळीवर रक्त वाढत नाही, ताटातही काही पडावं लागतं. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. ते घरी नेऊन सगळ्यांत वाटलं जाऊ नये, बाईनं तिथेच बसून जेवावं. आणि एक सूचना घराघरासाठी: गोळीवरचं लाल कवच गोड असतं. लहान मूल खाऊची गोळी समजून ती चघळतं, आणि मूठभर गोळ्या त्याच्या जिवावर बेतू शकतात. पाकीट उंचावर, बंद डब्यात ठेवा.

एवढं करूनही गोळी सोसत नसेल किंवा महिनाभरात एचबी वाढलं नाही, तर रुग्णालयात शिरेतून लोह देण्याची सोय असते. पण बाईनं त्रास सांगितला, तरच ती सोय तिच्यापर्यंत पोहोचते. म्हणून बायांनो, गोळ्या फेकू नका, काय होतं ते बोला. आणि आशाताईंनो, ‘गोळ्या घेतल्या का?’ एवढंच विचारून वहीत खूण करू नका. ‘घेतल्यावर काय होतं?’ हेही विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.