आधी समुद्र, मग जकूझी!

डायव्हिंगच्या आलिशान बोटीचं माहितीपत्रक उघडा. पहिल्या पानावर हमखास जकूझी, दुसऱ्यावर कापलेल्या फळांची रास, तिसऱ्यावर डेकवरचा मसाज. ज्या समुद्रात आठवडाभर बुड्या मारायच्या, तो बिचारा कुठेतरी पाचव्या पानावर! लिव्हअबोर्ड म्हणजे जिच्यावर राहायचं, जेवायचं, झोपायचं आणि दिवसातून तीन-चार वेळा जिच्यावरून पाण्यात उतरायचं, अशी बोट. माणशी खर्च सहज लाखांत जातो. म्हणून पैसे भरण्याआधी या दहा गमती वाचून घ्या. बोट निवडण्याचं शहाणपण त्यातच आहे.

१. वर्षाचं भाडं फक्त एक फ्रँक

१९४३मध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्याँ या फ्रेंच जोडीने ‘अ‍ॅक्वालंग’ तयार केलं आणि पाठीवर टाकी बांधून माणूस पाण्याखाली मोकळा हिंडू लागला. पुढे कूस्तोंना बोट हवी होती. मिळाली ती ‘कॅलिप्सो’. महायुद्धाच्या काळात ती ब्रिटिश नौदलासाठी सुरुंग काढायला बांधलेली. नंतर माल्टा आणि गोझो या बेटांमध्ये प्रवासी वाहू लागलेली. लोएल गिनेस या धनिकाने ती विकत घेतली आणि १९५०मध्ये कूस्तोंना वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने देऊन टाकली. कूस्तोंनी तिच्या नाळेशी, पाण्याच्या पातळीखाली, खिडक्यांची एक खोलीच बसवली. बोटीवर पैसा कुठे खर्च करावा, हे तेव्हाच ठरलं होतं.

२. एका तिकिटात दोन बोटी

मालदीवच्या सफारी बोटीसोबत बहुधा दुसरी एक बोट चालते: धोनी. क्रिकेटशी काही संबंध नाही. टाक्या, हवा भरायचा कॉम्प्रेसर, ओले सूट, पायातले फिन हे सगळं तिच्यावर. डाइव्हची वेळ झाली की मोठ्या बोटीवरून धोनीवर जायचं, उडी मारून यायचं आणि परत गादीवर. कॉम्प्रेसरची घरघर आणि ओल्या सुटांचा वास तुमच्या केबिनपासून लांब राहतो. दुपारच्या झोपेसाठी यापेक्षा मोठी चैन नाही. मालदीवची बोट घेताना धोनी स्वतंत्र आहे का, तिच्यावर सावली आणि शौचालय आहे का, हे पाहाच.

३. वारा फिरला की मासे बाजू बदलतात

मालदीव हा २६ प्रवाळ-वलयांचा, म्हणजे अ‍ॅटॉलांचा, देश. डिसेंबर ते एप्रिल ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात प्रवाह साधारण पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. पूर्वेच्या खिंडींत समुद्राचं स्वच्छ पाणी शिरतं आणि शार्कही तिथेच जमतात; पश्चिमेकडे प्लवकांनी, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म जीवांनी, गढुळलेलं पाणी जातं आणि ते जीव खायला मँटा रे हे महाकाय चपटे मासे येतात. मे ते ऑक्टोबर नैऋत्य वाऱ्यांत चित्र उलटं. म्हणजे एकच मार्ग जानेवारीत सोन्याचा आणि ऑगस्टमध्ये पितळेचा ठरू शकतो.

यातली मजेशीर जागा म्हणजे बा अ‍ॅटॉलमधला हनिफारू उपसागर. जून ते नोव्हेंबर तिथे मँटांची पंगत बसते, पण टाकी बांधून उतरायला बंदी आहे. कितीही महाग बोटीने जा, पाहायचं ते स्नॉर्केल तोंडात धरूनच!

४. जिथे हॉटेलच नाही

फिलिपिन्सच्या सुलू समुद्रातलं टुब्बाटाहा हे जागतिक वारसास्थळ वर्षातून जेमतेम तीन महिने, साधारण मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत खुलं असतं. तिथे पोचण्याचा मार्ग एकच: पुएर्तो प्रिन्सेसाहून रात्रभर बोट. गालापागोसमधल्या डार्विन आणि वुल्फ या बेटांजवळ डाइव्ह करायची तर तिथेही लिव्हअबोर्डच. डार्विन बेटाजवळची प्रसिद्ध दगडी कमान १७ मे २०२१ रोजी कोसळली. आता तिथे दोन खांब उभे आहेत, हॅमरहेड शार्क मात्र येतातच. कोस्टा रिकाचं कोकोस बेट किनाऱ्यापासून सुमारे ५५० किलोमीटर, म्हणजे दीड दिवसाचा प्रवास.

इथून एक साधा हिशेब निघतो. ज्या जागा किनाऱ्यावरच्या हॉटेलातून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारख्या आहेत, त्यांच्यासाठी लिव्हअबोर्डचे पैसे मोजू नका. जिथे बोटीशिवाय गती नाही, तिथेच ही बोट पैसे वसूल करून देते.

५. बोटीही स्थलांतर करतात

इंडोनेशियातल्या कित्येक बोटी वर्षाच्या मधल्या महिन्यांत कोमोडोला असतात आणि ऑक्टोबर ते एप्रिल राजा अम्पातला. ये-जा करताना काही बोटी बांदा समुद्रातून जातात. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा तिथे हॅमरहेडच्या थव्यांचा हंगाम. अशा ‘वाटेवरच्या’ फेऱ्या जाणकार लोक आधीच हेरून ठेवतात.

या बोटीही पाहण्यासारख्या. दक्षिण सुलावेसीच्या लाकडी ‘पिनिसी’ बांधणीला २०१७मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. पारंपरिक पद्धतीत आधी बाहेरच्या फळ्या जोडतात आणि आतला सांगाडा नंतर बसवतात. कागदावर नकाशा नाही, सगळं कारागिरांच्या डोक्यात. आणि राजा अम्पातचं वैभव किती? २०१२मध्ये मत्स्यतज्ज्ञ जेराल्ड अ‍ॅलन यांनी केप क्रीला एकाच डाइव्हमध्ये माशांच्या ३७४ जाती मोजल्या!

६. महागडी केबिन जास्त हलते

वरच्या डेकवरच्या खोलीला मोठी खिडकी, भरपूर वारा आणि सगळ्यात चढा दर. पण बोट डुलते तेव्हा वरचा भागच सगळ्यात लांब झोके घेतो. खाली आणि मधोमध असलेली केबिन स्वस्त असूनही पोटाला मानवते. फक्त ती इंजिनाला लागून नको. समुद्र लागणाऱ्यांनी डेकचा नकाशा मागवून केबिनचा क्रमांक पाहावा. खोलीच्या फोटोवरून काही कळत नाही. कॅटमरान म्हणजे जुळ्या सांगाड्याची बोट कमी कलंडते, हेही लक्षात असू द्या.

७. जादा ऑक्सिजन, पण खोली कमी

‘नायट्रॉक्स फुकट’ ही जाहिरात सर्रास दिसते. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, नेहमीच्या नायट्रॉक्समध्ये ३२. नायट्रोजन कमी असल्याने पाण्याखाली जास्त वेळ राहता येतं. गंमत अशी की खोल गेल्यावर हाच जादा ऑक्सिजन विषारी ठरतो. ३२ टक्क्यांच्या मिश्रणाची नेहमीची मर्यादा सुमारे ३४ मीटर. मालदीवात हौशी डायव्हिंगची कायदेशीर हद्दच ३० मीटर असल्याने हे मिश्रण तिथे चपखल बसतं. प्रत्येक टाकी डायव्हरने स्वतः मीटर लावून मोजायची आणि वहीत सही करायची असते. ‘आम्ही मोजलंय, तुम्ही चला’ म्हणणाऱ्या बोटीपासून चार हात लांब राहा.

८. सात रात्री म्हणजे सात दिवस नव्हेत

पहिला दिवस सामान लावण्यात आणि एखाद्या सरावाच्या डाइव्हमध्ये जातो. शेवटचा दिवस कोरडा, कारण शरीरात साठलेला नायट्रोजन बाहेर पडण्याआधी विमानात बसलं तर त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकतं. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर किमान १८ तास थांबा, असं तज्ज्ञ सांगतात. बहुतेक बोटी २४ तास पाळतात. म्हणून दोन बोटींची तुलना करताना रात्री मोजू नका, डाइव्ह मोजा. दर डाइव्हमागे किती पैसे पडतात, हा आकडा काढला की स्वस्त वाटलेली बोट महाग आणि महाग वाटलेली स्वस्त निघू शकते.

९. ताऱ्यांच्या गणिताने ओळखलेला शार्क

व्हेल शार्कच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे. ते जुळवायला संशोधकांनी २००५मध्ये चक्क खगोलशास्त्रातली, तारकासमूह ताडून पाहण्याची गणिती रीत वापरली. मँटा रे ओळखायचा तो पोटावरच्या ठिपक्यांवरून. मालदीवात अशा पाच हजारांहून अधिक मँटांची नोंद झाली आहे. तुम्ही काढलेला फोटोही या नोंदींत जाऊ शकतो. काही बोटी रात्री मागच्या बाजूला पाण्यावर प्रखर दिवे सोडतात. उजेडाला प्लवक, प्लवकांना व्हेल शार्क! सागरी जीवशास्त्रज्ञ सोबत असलेली बोट मिळाली तर मसाजवाल्या बोटीपेक्षा ती घ्या.

१०. रात्री जागं कोण असतं?

ही गंमत नाही, पण सगळ्यात मोलाची. २ सप्टेंबर २०१९च्या पहाटे कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंग बोटीला आग लागली आणि ३४ जण दगावले. रात्री गस्त घालायला कोणी जागं नव्हतं, आणि झोपायच्या जागेतून बाहेर पडायच्या दोन्ही वाटा एकाच पेटलेल्या दालनात उघडत होत्या, असं तपासात निघालं. म्हणून तीन प्रश्न न लाजता विचारा. रात्रभर पहारा असतो का? माझ्या केबिनपासून बाहेर पडायच्या दोन वेगळ्या वाटा कोणत्या? कॅमेऱ्याच्या आणि टॉर्चच्या बॅटऱ्या कुठे, कोणाच्या नजरेखाली चार्ज होतात? शिवाय बोटीवर आणीबाणीचा ऑक्सिजन आहे का आणि नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर उपचार करणारा जवळचा रिकम्प्रेशन चेंबर किती तासांवर आहे, हेही. उत्तर गुळमुळीत आलं तर जकूझी त्यांनाच लखलाभ.

जाता जाता, आपल्यासाठी

• ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ची ३०. ओढीच्या खिंडींत उतरवणाऱ्या बोटी बहुधा दुसरं मागतात. शिकण्यासाठी परदेश गाठायची गरज नाही. आपल्या तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे.

• मालदीवात दारू बाहेरून नेता येत नाही, डुकराचं मांसही नाही. परवाना असलेल्या बोटींवर दारू मिळते; तिचा दर आधी विचारा.

• शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. बोट निघाल्यावर भाजीबाजार वाटेत लागत नाही.

• पलाऊला निघालात तर सनस्क्रीनची बाटली तपासा. प्रवाळांना घातक सनस्क्रीनवर तिथे १ जानेवारी २०२०पासून बंदी आहे.

• मालवणात जी ‘मोरी’ ताटात येते, तिच्या मोठ्या बहिणी मालदीवात पाहुण्या म्हणून मान मिळवतात. २०१०मध्ये तिथे शार्कच्या मासेमारीला बंदी घातली गेली. तिथल्या जेवणात मोरीचं मटण मागू नका!

• विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला, अरबी समुद्राच्या पाण्याखाली, आंग्रिया बँक नावाचं प्रवाळांचं पठार आहे. सरखेल कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला लाभलं आहे. तिथेही जायचं तर बोटीवरच मुक्काम ठोकावा लागतो.

तेव्हा क्रम पक्का ठेवा: आधी समुद्र, मग महिना, मग मार्ग, मग सुरक्षा, मग डाइव्हमागचा खर्च. या पाचही कसोट्यांवर दोन बोटी बरोबरीत सुटल्या, तर आणि तरच जकूझीवाली घ्या.