निविदेतला अभियंता आणि कामावरचा अभियंता

रस्त्याच्या कडेला पत्र्याचे कुंपण उभे राहते आणि त्यावर एक फलक लागतो. कामाचे नाव, मंजूर खर्च, कंत्राटदाराचे नाव, काम पूर्ण होण्याची तारीख, दोषदायित्वाचा कालावधी, एवढा मजकूर त्यावर असतो. वाहतुकीत अडकलेला नागरिक तो वाचतो, खर्चाचा आकडा पाहून सुस्कारा टाकतो आणि पुढे जातो. एक नाव मात्र त्या फलकावर सहसा नसते. हे काम प्रत्यक्ष उभे राहून करून घेणारा अभियंता कोण, हे तिथे कुणी लिहीत नाही. वास्तविक सरकारी कामाच्या करारात या माणसाविषयी बरेच काही लिहिलेले असते. त्याचे शिक्षण किती असावे, अनुभव किती वर्षांचा असावा, तो नसेल तर कंत्राटदाराच्या देयकातून किती रक्कम कापावी, इथपर्यंतचा तपशील कागदावर असतो. प्रश्न आहे तो कागदावरचा माणूस आणि कामावरचा माणूस एकच आहे काय, हा.

माणसाची अट कशासाठी?

कंत्राटदार कंपनीची आर्थिक उलाढाल ताळेबंदावरून तपासता येते. यंत्रसामग्री मोजता येते. पूर्वी केलेल्या कामांचे दाखले मागवता येतात. परंतु कंपनीचा अनुभव म्हणजे शेवटी तिच्याकडे काम करणाऱ्या माणसांचा अनुभव असतो. ती माणसे दुसरीकडे गेली की अनुभवही त्यांच्याबरोबर जातो, दाखला तेवढा कपाटात राहतो.

बांधकामात याचे महत्त्व अधिक. काँक्रीट ओतले जाते त्या तासातच त्याचा दर्जा बव्हंशी ठरून जातो. मिश्रण घट्ट वाटते म्हणून मजुराने त्यात वरून पाणी घातले तर ते सहज पसरते, मात्र त्याची ताकद घटते. अशा वेळी ती गाडी परत पाठवण्याचा अधिकार असलेला आणि तसे करण्याचे ज्ञान असलेला माणूस जागेवर लागतो. काँक्रीटच्या ठोकळ्यांची प्रमाणभूत चाचणी होते ती अठ्ठाविसाव्या दिवशी. तोपर्यंत पुढचा गाळा किंवा पुढचा मजला उभा राहिलेला असतो. कामाच्या वेळची देखरेख चुकली तर नंतरच्या अहवालाने ती भरून निघत नाही. म्हणूनच करारात माणसांची अट असते.

कंत्राटदाराची माणसे, सल्लागाराची माणसे

ही अट दोन प्रकारच्या करारांत दोन तऱ्हांनी येते. पहिला करार प्रत्यक्ष बांधकामाचा. पात्र ठरलेल्यांपैकी सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारायची, ही येथील रूढ पद्धत. अभियंते नेमण्याची जबाबदारी कंत्राटदारावर असते आणि ती करारातील एक शर्त म्हणून येते.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सर्वसाधारण करारशर्तींतील कलम ३६ हे याचे चांगले उदाहरण आहे. कंत्राटदाराने आपला प्रमुख तांत्रिक प्रतिनिधी आणि आवश्यक ते इतर तंत्रज्ञ नेमावेत, त्यांची नावे व पात्रता विभागाच्या अभियंत्याला कळवून मान्यता घ्यावी आणि बांधकामाची कोणतीही क्रिया सुरू असताना ही मंडळी जागेवर हजर असावीत, असे हे कलम सांगते. कोणत्या कामाला किती तंत्रज्ञ लागतील आणि ते न नेमल्यास दरमहा किती वसुली होईल, हे करारासोबतच्या परिशिष्टात नमूद असते. इतकेच नव्हे, तर हे अभियंते खरोखरच कंत्राटदाराच्या नोकरीत आहेत याचा पुरावा, म्हणजे वेतनातून प्राप्तिकर किंवा भविष्य निर्वाह निधी कापल्याचा कागद, देयकासोबत जोडण्याची तरतूदही त्यात आहे. कागदावर पाहिले तर पळवाट शोधणे कठीण.

दुसरा करार सल्लागाराचा. मोठ्या रस्त्याचा किंवा पुलाचा आराखडा करणे, कंत्राटदाराच्या कामावर देखरेख ठेवणे, यासाठी सरकार सल्लागार कंपनी नेमते. येथे माणसांची नावे ही नुसती शर्त नसते, त्या नावांनाच गुण मिळतात. पथकप्रमुख, पूल अभियंता, साहित्य व दर्जा तज्ज्ञ अशा प्रमुख पदांसाठी कंपनीने व्यक्तींची नावे आणि त्यांचा व्यावसायिक परिचय सादर करायचा असतो. त्यांचे शिक्षण व अनुभव पाहून तांत्रिक गुण ठरतात आणि दराचे गुण त्यात ठरलेल्या प्रमाणात मिळवले जातात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील नियम १९२ नुसार सल्लागार निवडताना गुणवत्तेचा भार जास्तीत जास्त ८० टक्के ठेवता येतो.

नावांची किंमत

या पद्धतीचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका कामासाठी दोन कंपन्यांनी प्रस्ताव दिले. पहिलीच्या पथकात नामवंत, अनुभवी मंडळी आहेत. तिला तांत्रिक परीक्षेत ९० गुण मिळाले आणि तिचा दर १ कोटी २० लाख रुपये आहे. दुसरीला ८० गुण मिळाले, दर १ कोटी. सर्वांत कमी दराला १०० गुण आणि इतरांना त्या प्रमाणात, या हिशेबाने दराचे गुण पहिलीला ८३.३३ आणि दुसरीला १०० होतात. गुणवत्तेला ८० टक्के आणि दराला २० टक्के भार दिला तर पहिलीची बेरीज ८८.६७ होते आणि दुसरीची ८४. काम पहिलीला मिळते.

सरकारने २० लाख रुपये जास्त मोजले ते चांगल्या माणसांसाठी, आणि त्यात गैर काही नाही. पण काम मिळाल्यावर दोन महिन्यांत पथकप्रमुख ‘वैयक्तिक कारणास्तव’ गेला, पूल अभियंता आलाच नाही आणि त्यांच्या जागी कमी अनुभवाची माणसे आली, तर काय झाले? जनतेने २० लाख रुपये नावांसाठी मोजले आणि माणसे मात्र दुसरीच मिळाली. दुसऱ्या कंपनीने कदाचित तशीच माणसे १ कोटीत दिली असती. तिच्यावरही अन्याय झाला आणि करदात्यावरही. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

म्हणून माणसे बदलण्यावर बंधने असतात. मृत्यू, गंभीर आजार किंवा कंपनीच्या आवाक्याबाहेरचे कारण असेल तरच बदल करावा आणि नवी व्यक्ती मूळ व्यक्तीइतकी किंवा तिच्याहून अधिक पात्र असावी, हे तत्त्व अशा करारांत सर्वत्र आढळते. एकाच अभियंत्याचे नाव अनेक निविदांत वापरण्याच्या प्रकाराला आळा बसावा, या दृष्टीने केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने २०१६ मध्ये ‘इन्फ्राकॉन’ ही संगणकीय नोंदवही सुरू केली. सल्लागार कंपन्या आणि त्यांचे तज्ज्ञ यांची नोंद तिच्यात असते. ती आधार व डिजिलॉकरशी जोडलेली असल्याने ओळख आणि प्रमाणपत्रे पडताळता येतात. मात्र संगणक सांगतो तो माणूस खरा आहे, एवढेच. तो आज सकाळी पुलाच्या खांबापाशी उभा होता की नाही, हे पाहायला दुसरा माणूसच लागतो.

दंड की भाडे?

मग नियम असूनही अभियंता गैरहजर का राहतो? पहिले कारण सरळ हिशेबाचे आहे. गैरहजेरीची मासिक वसुली अनुभवी अभियंत्याच्या वेतनापेक्षा कमी ठेवली, तर अभियंता नेमण्यापेक्षा वसुली सोसणे कंत्राटदाराला परवडते. मग तो दंड राहत नाही, अभियंता न ठेवण्याच्या सवलतीचे भाडे ठरतो. आणि ती वसुलीही, कुणी गैरहजेरीची नोंद केली तरच होते. ही नोंद करायची ती विभागाच्या कनिष्ठ किंवा शाखा अभियंत्याने. त्याच्याकडे एकाच वेळी अनेक कामे असतील, तर तो रोज प्रत्येक जागी पोहोचणार कसा? त्यासाठी देखरेखीला सल्लागार नेमावा, तर त्याची माणसेही जागेवर आहेत का, हे पुन्हा कुणीतरी पाहावे लागते.

दुसरे कारण कंत्राटदारांच्या बाजूचे आहे आणि तेही ऐकून घेतले पाहिजे. निविदा भरल्यापासून कार्यारंभ आदेश मिळेपर्यंत अनेकदा कित्येक महिने जातात. जमीन ताब्यात आलेली नसते, जलवाहिन्या हलवलेल्या नसतात, वाहतूक पोलिसांची परवानगी अडलेली असते. तेवढा काळ अनुभवी अभियंत्याला बसवून वेतन देणे लहान कंत्राटदाराला शक्य होत नाही आणि अभियंताही वेठबिगार नव्हे. चांगली संधी मिळाली की तो जाणारच. तेव्हा बदलाला वाव हवाच. पण तो लेखी असावा, त्याला वेळेत मान्यता मिळावी आणि तो जाहीर व्हावा.

तिसरे कारण सर्वांत घातक आहे. नव्याने पदवी घेतलेला एखादा अभियंता थोड्या पैशांच्या मोबदल्यात आपली प्रमाणपत्रे वापरायला देतो. तो नोकरी करत असतो दुसऱ्याच गावी आणि त्याचे नाव असते एखाद्या पाण्याच्या टाकीच्या कामावर. त्याला हे निरुपद्रवी वाटते. पण ती टाकी कोसळली, तर चौकशीत प्रमुख तांत्रिक प्रतिनिधी म्हणून पुढे येणारे नाव त्याचेच असेल. ‘मी तिथे नव्हतोच’ हा त्याचा बचाव नव्हे, तीच त्याची चूक असेल.

मोरबीचा धडा

अपात्र माणसांच्या हाती काम गेले म्हणजे काय होते, हे गुजरातमधील मोरबी येथे ३० ऑक्टोबर २०२२ रोजी देशाने पाहिले. मच्छू नदीवरील झुलता पूल दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबरला खुला झाला आणि चारच दिवसांनी कोसळला. १३५ माणसे दगावली. दुरुस्ती करणारे कंत्राटदार अशा कामास पात्र नव्हते, पुलाचा पृष्ठभाग बदलला गेला पण जुने तारदोर बदलले गेले नाहीत, असे सरकारी पक्षाने न्यायालयात सांगितले. तिकीट देणारे आणि रखवालदार म्हणून उभे असलेले लोक मजूर होते, गर्दी कशी आवरावी याचे शिक्षण त्यांना नव्हते, असेही तपासात पुढे आले. एवढ्या महत्त्वाच्या कामाचा करार अवघ्या दीड पानात कसा आटोपला आणि निविदा का मागवली नाही, असे प्रश्न गुजरात उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये विचारले.

मोरबीचा करार नेहमीच्या निविदेतून झालेला नव्हता, ही गोष्ट खरी. परंतु धडा सर्वच कामांना लागू आहे. काम कोणती कंपनी करणार, एवढे ठरवून भागत नाही. कंपनीच्या वतीने कोणती माणसे करणार, हे ठरवावे लागते आणि मग ते रोज तपासावे लागते. दीडशे पानांचा करार असला आणि तपासणी नसली, तर तोही दीड पानाच्या कराराइतकाच दुबळा ठरतो.

नागरिकाच्या हातात काय?

उपाय फार अवघड नाहीत. वसुलीची रक्कम त्या पदाच्या बाजारातील वेतनापेक्षा निश्चितपणे जास्त असावी. महत्त्वाच्या प्रत्येक टप्प्याला, विशेषतः काँक्रीट ओतण्यापूर्वी, मान्यताप्राप्त तांत्रिक प्रतिनिधीची स्वाक्षरी असल्याखेरीज त्या कामाचे मोजमाप घेतले जाऊ नये. कामाच्या फलकावर कंत्राटदाराच्या नावाखाली त्याच्या अभियंत्याचे आणि विभागाच्या अभियंत्याचे नाव असावे. नाव जाहीर झाले की माणूस जागेवर येण्याची शक्यता वाढते.

हे होईपर्यंत नागरिकाला माहितीचा अधिकार वापरता येतो. २००५ च्या या कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये केवळ कागदपत्रांची नव्हे, तर कामाचीही पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार दिलेला आहे. अर्ज करताना मात्र नेमके विचारावे. करारानुसार किती तांत्रिक प्रतिनिधी आवश्यक होते, त्यांची अपेक्षित पात्रता काय, प्रत्यक्षात किती नेमले गेले, किती वेळा बदलले गेले, गैरहजेरीपोटी किती वसुली झाली, आणि साइट ऑर्डर बुकातील नोंदींच्या प्रती. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा, २०२३ मुळे व्यक्तिगत माहितीचा अपवाद अधिक व्यापक झाला असून ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. त्यामुळे कुणाचे पत्ते, दूरध्वनी किंवा वेतन मागण्याच्या फंदात न पडता पदे, संख्या आणि वसुली यांवर भर द्यावा. व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची कलम ८(२) मधील तरतूद आजही कायम आहे, तिचाही उल्लेख करावा.

वसुलीच्या रकान्यात ‘निरंक’ असे उत्तर आले, तर त्याचे दोनच अर्थ होतात. एक तर अभियंता रोज हजर होता, किंवा तो हजर आहे की नाही हे कुणी पाहिलेच नाही. यांपैकी कोणता अर्थ खरा, हे त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या नागरिकाइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?